पाद्रीबुवांच्या पाठीमागची भिंत

टू हार्बर्स, मिनेसोटा
९ फेब्रुवारी १९९७

चि. ऑरिन यास,
आर्डिसवहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं नाताळचं कार्ड पोचलं. निवडुंगाला लाल टोपी घातलेली बघून डोळे निवले. इकडे पारा शून्याखाली बावीस आहे आणि दाराची कडी हाताला चिकटते. ॲरिझोनाच्या उन्हात तुझे काय हाल होत असतील, या काळजीने मला घास जात नाही.

फोन करत नाही, कारण फोनवर तुझ्या भावाचं, सेल्मरचं, नाव निघालं की तू हवामानावर येतोस. पत्रातून पळणं जरा अवघड.

कामाचं लिहिते. तुझ्या भावाने माशांच्या टाकीत मागच्या काचेला लावायला थर्माकोलचा कडा कोरायला घेतला होता, ते तुला ठाऊक आहेच. सरोवराकाठच्या कड्याची हुबेहूब नक्कल. तू आलास की दोघं मिळून लावणार होतात. तू आलास, पण त्याच्या अंत्यविधीला. चर्चच्या तळघरात बटाटे-मटणाची ती हॉटडिश दोनदा वाढून घेतलीस आणि घराची पायरी न चढता परस्पर विमानतळावर गेलास. त्याला दीड वर्ष होत आलं. मी तेव्हा बोलले नाही. आताही बोलत नाही, नुसतं लिहिते आहे.

कडा घराच्या तळघरात तसाच पडून आहे. डावा कोपरा तेवढा कोरायचा राहिलाय. तो मला आता लावायचाय, कारण पाद्रीबुवा धड खात नाही. सेल्मरने त्या चोखतोंड्या माशाचं हे नाव ठेवलं, कारण तो काचेला तोंड लावून तासन् तास हलत नाही आणि समोरच्याला अपराधी वाटायला लावतो. एकोणीस वर्षांचा झालाय. सेल्मर गेल्यापासून फिल्टरच्या नळीमागे तोंड खुपसून बसतो. वाचनालयातून आणलेलं हे माझं सहावं पुस्तक. त्यात लिहिलंय की अशा म्हाताऱ्या माशाला पाठीशी आडोसा लागतो. सेल्मरच्या हातची आता एवढीच एक जिवंत गोष्ट घरात उरली आहे, ती मला घालवायची नाही.

तू युमात अशा तीन भिंती केल्यास, असं तूच सांगतोस. कृती लिही. आलास तर उत्तम. येणार नाहीस हे धरूनच चालले आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवण्याची घाई नाही.
आर्डिस

युमा, ॲरिझोना
२० फेब्रुवारी १९९७

ती. आर्डिसवहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून आनंद झाला, असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहितो. हॉटडिश दोनदा नाही, तीनदा घेतली होती.

यायचं फार मनात आहे, पण गुडघा, ट्रेलरचं गळकं छत आणि आमच्या मत्स्यमंडळाचं प्रदर्शन हे तिघं मला सोडत नाहीत.

आता कृती. सिमेंट ताकाइतकं पातळ करून ब्रशने पहिला हात द्या, पुढचे दोन जरा दाट. मधे पाणी शिंपडून ओलं ठेवा. मग तीन आठवडे पाण्यात बुडवा आणि पाणी बदलत राहा, कारण सिमेंटचा क्षार सुटला तर पाद्रीबुवा एका दिवसात स्वर्गाला जाईल. टाकी जुनी आहे, तेव्हा तुमचा स्वच्छतेचा सोस आवरा. त्या खडीत आणि फिल्टरमध्ये माशांना जगवणारे जंतू आहेत, नळाच्या पाण्याने धुतलंत तर ते मरतील. माशांना टाकीच्याच पाण्यात टबात ठेवा आणि फिल्टर तिथे चालू ठेवा. काच हाडासारखी कोरडी करून मगच चिकटवायचं सिलिकॉन लावा, दोन दिवस वाळू द्या. थर्माकोल तरंगतो, अर्धवट चिकटला तर कडा छताकडे निघेल. पण नाताळचा ल्युटेफिस्क मासा तुमच्या हातून दर वर्षी खळ होतो, तेव्हा चिकटवण्याच्या कामाची मला चिंता नाही.

डावा कोपरा आहे तसाच सपाट राहू द्या. फक्त त्याच्या कडेला चार बोटांची फट सोडा, म्हणजे मागे पाणी फिरेल. तीन भिंतींच्या अनुभवाने सांगतो.

इकडे हवा छान आहे.

आपला आज्ञाधारक, जमेल तितका,
ऑरिन

टू हार्बर्स
६ एप्रिल १९९७

चि. ऑरिन यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

हवेची बातमी वाचून धन्य झाले.

तुझ्या भावाने माप घेतलं ते टाकीच्या बाहेरून. टाकीच्या तोंडावर मधोमध काचेची आडवी पट्टी आहे, हे सतरा वर्षं रोज वरून खाणं टाकणाऱ्या माणसाच्या ध्यानात आलं नाही. कडा आत जाईना. शेवटी पाव कापायच्या सुरीने त्याचे दोन भाग केले. सेल्मर असता तर म्हणाला असता की असंच करायचं ठरलं होतं.

सिमेंटचा पहिला हात द्यायला मला दोन दिवस लागले. ताक तयार होतं, ब्रश तयार होता. पण थर्माकोलवर त्याच्या सुरीचे घाव होते आणि एका ठिकाणी अंगठा दाबल्याचा खळगा. एकदा सिमेंट बसलं की ते परत दिसणार नव्हतं. तिसऱ्या दिवशी डोळे न मिटता लावलं. पुढचे हात सोपे गेले.

कडा सध्या बाथटबमध्ये भिजतोय. मी स्वयंपाकघरातल्या बेसिनपाशी अंग पुसून घेते. चर्चच्या बायका कॉफीला आल्या होत्या. एकीने बाथरूममधून परतल्यावर हळूच विचारलं की सेल्मरच्या थडग्याचा दगड अजून बसवला नाही का. मी म्हटलं, बसवायला त्याचा भाऊ येणार आहे. बायका फार हसल्या.

सव्वीस तारखेला चिकटवणार आहे. तुझ्या गुडघ्याला नमस्कार सांग.

आर्डिस

युमा
१५ एप्रिल १९९७

ती. वहिनींस, शि. सा. न. वि. वि.

सव्वीसला जमत नाही. बाहेरून माप घेणं आमच्या घराण्यात चालत आलंय, मीसुद्धा पहिली भिंत तशीच कापली होती. चार बोटांची फट विसरू नका.

इकडे वारा सुटलाय.

ऑरिन

टू हार्बर्स
११ मे १९९७

चि. ऑरिन यास, आशीर्वाद. वि. वि.

कडा बसला. चिकटलासुद्धा, ल्युटेफिस्कपेक्षा घट्ट. मासे टबातून परत सोडले. पाद्रीबुवा पहिल्या दिवशी कड्याच्या खोबणीत जाऊन बसला आणि संध्याकाळी त्याने काकडीची चकती पूर्ण खाल्ली. पावणेदोन वर्षांनी. मी खुर्ची ओढून बघत बसले.

चौथ्या दिवशी तो दिसेना. तुझ्या त्या अनुभवी फटीतून तो कड्याच्या मागे शिरला होता. डाव्या कोपऱ्यामागे अडकला. फटीतून शेपूट दिसत होतं. बोटांनी धरून ओढलं, तर त्याने अंगावरचे काटे फाकवले आणि आणखी रुतला. पुस्तकात लिहिलंय की ही त्यांची जातच आहे, ओढलं की रुततात. पुस्तकात तुझं नाव नव्हतं.

अर्धं पाणी उपसलं. बर्फातल्या मासेमारीची सेल्मरची सुरी घेतली. आता एक गोष्ट सांगते, जी फेब्रुवारीतच सांगायला हवी होती. त्या कोपऱ्याच्या मागच्या बाजूला सेल्मरने सुतारी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं: हा कोपरा ऑरिनचा, त्याचा हात चांगला आहे. मी ते पहिल्याच दिवशी वाचलं होतं. तुला कळवलं नाही, कारण त्या ओळीने ओढून आणलेलं मला नको होतं. आपणहून येतोस का, बघायचं होतं. तो हट्ट माझाही होता. तेव्हा काटे मलाही आहेत.

समोरून कापताना मागची अक्षरं दिसत नव्हती. सुरी कुठून जाईल ते माहीत नव्हतं. बाजूच्या काचेतून कल्ला हलताना दिसत होता, तोही हळू. मी कापलं.

पाद्रीबुवा जिवंत आहे. पाठ खरचटली आहे, पण आज पुन्हा चकती खाल्ली. भोकातच मुक्काम ठोकलाय. कोपऱ्याचे दोन तुकडे झाले, ओळ मधोमध चिरली, पण जोडून धरली की वाचता येते. सोबत पार्सलने पाठवते आहे. ते तुझंच होतं.

भोक बुजवायची पाद्रीबुवाला गरज नाही. पण तळघरात थर्माकोलची एक लादी उरली आहे आणि माझा हात चांगला नाही. बाथटब रिकामा झालाय.

राग नाही. लोभ होता तिथेच आहे, फक्त पायऱ्या चढून घ्यावा लागेल.
आर्डिस

युमा
१९ मे १९९७

ती. वहिनींस,
शि. सा. न. वि. वि.

पार्सल पोचलं. दादाचं अक्षर होतं तितकंच वाईट आहे. तुकडे टेबलावर जोडून ठेवलेत. जेवण हातात ताट धरून करतो.

तुमच्या घरात तो नसेल, हे मला बघायचं नव्हतं. एवढंच कारण होतं. गुडघा बरा आहे.

जूनच्या तीन तारखेच्या बसने येतोय. कोरायची सुरी माझी आणतो. माप आतून घेईन.

हवेबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

तुमचा,
ऑरिन