पालकाच्या जागी अंगठा

१२ सप्टेंबर २००४, श्रूजबरी
आले बाई एकदाची! बोस्टनच्या विमानतळावर शिकल्यासवरल्यांच्याही बोटांचे ठसे घेत होते. म्हटलं, चला, इथे सगळेच माझ्या अंगठेबहाद्दरांच्या वर्गात. मी सांगते, नात लिहिते. इशिता बारा वर्षांची, पुण्यात चौथीपर्यंत शिकलेली, म्हणून मराठी अक्षर अजून शाबूत. कुरकुरते, आजी, स्लो बोल. मी म्हणते, तू भरभर लिही. मुलगा विनय आणि सून नेत्रा दिवसभर कॉम्प्युटरपुढे. काय करतात ते विचारायचं नाही, दोघंही समजावून सांगायला लागतात. घर शंभर वर्षांचं, लाकडी, ऐसपैस. तळमजल्यावर पूर्वी कुणा मिसेस हॉलिसबाईंचं कपडे शिवायचं दुकान होतं.

१५ सप्टेंबर
खालच्या खोलीत चौकटीत एक कागद टांगलाय. इशिताने वाचून अर्थ सांगितला. १९०६ सालचा करार, शिवण शिकायला ठेवलेल्या पोरीचा. सात वर्षं मालकिणीच्या घरी राहायचं. परवानगीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. लग्न नाही, खेळ नाही. मालकिणीची गुपितं कुणाला सांगायची नाहीत. लिहायवाचायला शिकवण्याचं एक कलम छापलेलं आहे, त्यावर शाईची आडवी रेघ. माझं डोकंच फिरलं. माझ्या वडिलांनीही अशीच रेघ मारली होती, फक्त कागद नव्हता.
पोरीचं नाव पार उडालंय. सहीच्या जागी फुली. पालकाची जागा कोरी. म्हणजे तिच्या बाजूने कुणी उभंच राहिलं नाही. मी कागद चौकटीतून काढला, इशिताचा स्टॅम्पपॅड घेतला आणि त्या जागी अंगठा उठवला. आमच्याकडे अंगठा दिला की माणूस पाठीशी उभं राहिलं. इशिता खिदळली, आजी, यू आर सो फनी.

२१ सप्टेंबर
शाळेतून आली की पोरगी खाली जाते. आज एक बाही शिवून आणली. टाके इतके बारीक, की चष्म्यातूनही दिसेनात. मी तिला कधी सुई ओवायला शिकवलेली नाही. कुणी शिकवलं, तर म्हणे सांगायचं नसतं. नेत्रा खूश, टीव्ही सुटला म्हणून. मला म्हणते, आई, इंटरनेटवर सगळं असतं.

२७ सप्टेंबर
स्कूलबस दारात उभी, आणि इशिताचा पाय उंबऱ्यावरून उचलेना. परवानगी नाही म्हणाली. कुणाची? तिला कागदापाशी नेलं. उडालेल्या नावावर बोट ठेवून विचारलं, इथे काय दिसतंय गं?
तिने स्वतःचं नाव वाचलं.
आणि पालक म्हणून अंगठा माझा. त्या पोरीच्या पाठीशी उभी राहायला गेले आणि माझीच नात बांधून दिली. मी!

२८ सप्टेंबर
कागद फाडला. शेगडीवर जाळला. छताला लावलेला धुराचा भोंगा केकाटला, केकाटू दे. इशिता शांतपणे म्हणाली, आजी, असा करार दोन प्रतींत असतो. दुसरी मॅडमकडे आहे.

३० सप्टेंबर
विनयला सगळं सांगितलं. म्हणतो, आई, तुझी झोप नीट होत नाहीये. झोप गेली खड्ड्यात! पोरगी उभ्याने जेवते — रिकाम्या खुर्चीला थँक यू मॅम म्हणते — आणि ह्यांना माझ्यासाठी डॉक्टरची अपॉइंटमेंट सुचते.

१ ऑक्टोबर
विनयने इशिताला उचलून बाहेर नेली. दाराबाहेर पाऊल पडलं, तशी तिची शुद्ध गेली. आत आणली, डोळे उघडले. चारदा. बोटांची सुईने चाळण झालीय —
अगं हॉलिसबाई, मरून इतकी वर्षं झाली तरी तुला राबायला लेकरूच लागतं? मला घे. हात आहेत, टाका येतो. ये की समोर —

२ ऑक्टोबर
इशिता, पेन धर. दुसरा कागद असू दे तिच्याकडे. आपण इथेच, या वहीत नवा करार करू. लिही — मी शरयू, शिकाऊ. सात वर्षं, मरेपर्यंत, तिला हवं तितकं. लिहिलंस? — बरं. हा बघ, अंगठा दिला.
आता पुढचं. माझ्या अंगठ्याने बांधलेली माझी नात — थांबलीस का? खाली बघू नकोस. तिकडे कुणी नाही. माझ्याकडे बघ. मला दोन अक्षरं येत असती, तर तुझ्यापुढे हात पसरला असता का गं — लिही, माझे आई, लिही. माझी नात इशिता आजपासून मोक—