सगळ्यांना विचारून

६ ऑक्टोबर, सोमवार

एक घोर अन्याय इथे नोंदवून ठेवते. विद्यापीठातल्या आमच्या केंद्राच्या बैठकीच्या खोलीतलं टेबल काढून टाकलं! कारण टेबल ही सत्तेची खूण आहे. त्याच्या टोकाशी जो बसतो तो आपोआप साहेब होतो, म्हणे. आता नुसत्या खुर्च्या, गोल मांडलेल्या. समता आली, पण कप ठेवायची जागा गेली. मांडीवर चहा, त्यावर तोलून धरलेलं बिस्किट, काखेत कागद. समतेच्या पहिल्याच तासाला माझा नवा करडा स्कर्ट गेला. टोर्किल आमचा डॅनिश सहकारी, लोकसहभागावर चार जाडजूड पुस्तकं लिहिलेला. तो म्हणाला, "अस्वस्थता चांगली असते. त्यातूनच सत्ता दिसायला लागते." मला फक्त डाग दिसत होता.

टेबल काढायचं कुणी ठरवलं? इमोजेनने. ती आमची प्रमुख. पण तसं म्हटलेलं तिला खपत नाही. "मी प्रमुख नाही गं, मी फक्त गोल सांभाळते."

८ ऑक्टोबर

विद्यापीठाचं पत्र. पैसे नाहीत. आमच्या केंद्रातलं एक पद जाणार — ब्रॉनविनचं.

आम्ही आठ जण जगभर हिंडून गरिबांना विचारतो, 'कारभाराबद्दल तुम्हाला काय वाटतं?' आम्हाला तिथे पोचवते आणि परत आणते ब्रॉनविन. तिकिटं, व्हिसा, हरवलेल्या बॅगा, सगळं. वडील तिच्याकडेच असतात. त्यांना आता तिचं नावही आठवत नाही. पगार गेला तर त्यांना ठेवायचं कुठे, हा एवढाच प्रश्न आहे.

कायद्याने आधी सल्लामसलत करावी लागते. म्हणजे निर्णय झाल्यावर आमचं मत विचारणार. यावरच तर आमची पोटं चालतात! पत्रात एक फट मात्र ठेवली आहे. आम्ही आठही जणांनी पाच टक्के पगार सोडला आणि तसं २४ तारखेपर्यंत लिहून दिलं, तर पद राहील. एक ओळ पुरे.

१३ ऑक्टोबर

गोल बसला. किनाऱ्यावरून आणलेला एक गोटा फिरवतात. ज्याच्या हातात गोटा, त्यानेच बोलायचं. इमोजेन म्हणाली, "आधी प्रत्येकाने आपल्याला कसं वाटतंय ते सांगू या." त्यातच बैठक संपली. टोर्किलला जड वाटत होतं. दुसऱ्या एकाला पोकळ वाटत होतं.

मी विचारलं, "ब्रॉनविन कुठे आहे?"

"तिला बोलावलं तर तिच्यावर बोलण्याचं दडपण येईल गं."

शेवटी कुणीतरी पगाराचा विषय काढला. गोटा फिरायचा थांबला.

बाहेर ब्रॉनविन भेटली. "काय मग, आज कुणाला रडू आलं?"

"टोर्किलला."

"माझ्यासाठी?"

"छे गं. स्वतःसाठी."

"हुश्श! मला वाटलं काही गंभीर झालं की काय."

१४ ऑक्टोबर

माझे पाच टक्के मी सोडते, असं सगळ्यांना लिहून कळवलं. उत्तरादाखल फोनवर तीन लाल बदामांची चित्रं आली.

२० ऑक्टोबर

आज भिंतीवर मोठे कागद आणि रंगीत टिकल्या. मतदान नव्हे हां! मतदानात कुणीतरी हरतं. आम्ही नुसता 'कल पाहतो'. 'पाच टक्के सोडू'च्या खाली सात टिकल्या लागल्या. सात! आठवी टोर्किलच्या बोटावर चिकटलेली.

"तत्त्वतः मी सोबतच आहे," तो म्हणाला. "पण ती ओळ लिहिली की आपण त्यांची चौकट मान्य केली."

"टोर्किल, अरे, ती चौकट नाही. तो ब्रॉनविनचा पगार आहे."

"बघ! सत्ता आपल्याकडून नेमकं असंच वदवून घेते."

गोल माना डोलवू लागला. मग एकेक जण उठला, आपली टिकली अलगद सोडवली आणि 'आणखी विचार करू'च्या खाली लावली. माझी एकटीची राहिली. इमोजेन हळूच म्हणाली, "तुला एकटं पडल्यासारखं वाटत असेल, नाही? त्यावर बोलायचंय का?"

२४ ऑक्टोबर

आमचं उत्तर गेलं. एकतीस पानं! सल्लामसलतीच्या बुरख्याआड सत्ता कशी वावरते याची चिरफाड. उत्तम उतरलंय — खरंच उत्तम, दोन तळटिपा माझ्याच आहेत. एका नियतकालिकाला पाठवायचंही ठरलं.

पाच टक्क्यांची ओळ त्यात नाही.

२७ ऑक्टोबर

विद्यापीठाचं उत्तर आलं. 'आपल्या सखोल प्रतिसादाबद्दल आभार. त्यात पर्यायी प्रस्ताव आढळला नाही.'

ब्रॉनविनने ते वाचलं. "एकतीस पानांत मी कितव्या पानावर आहे?"

मी उगाच पानं चाळली.

"नाही, सहज विचारलं. बाबांना वाचून दाखवलं असतं. त्यांना दर वेळी नवीन वाटलं असतं."

मलावीत, लिलाँग्वेच्या दवाखान्यात मी मलेरियाने पडले होते, तेव्हा केंद्राने माझ्याशी एकजूट व्यक्त करणारं निवेदन काढलं होतं. ब्रॉनविनने रोज फोन करून तिथल्या डॉक्टरांचं डोकं खाल्लं आणि मला आडवं घालून आणायला विमान मिळवलं. निवेदनाची भाषा सुंदर होती.

२९ ऑक्टोबर

सकाळी समुद्रात. पाणी हाडं फोडणारं. लायनेलही होता. तो उपकुलगुरू, ते पत्र त्याच्याच सहीचं. वर्षानुवर्षं आम्ही एकाच वेळी पोहतो आणि कामाचा चकार शब्द काढत नाही. आज मी काढला. बंद दाराआडच्या सौद्यांवर माझं एक पुस्तक आहे. समुद्राला दार नसतं, अशी मनाची समजूत घातली.

"ब्रॉनविनला ठेव."

"अगं, एक ओळ मागितली होती! तुम्ही शिव्यांचा ग्रंथ पाठवलात."

"ठेव."

तो जरा पोहून परत आला. "नियामक मंडळापुढे ठेवायला कुणा जाणकाराचे चार शब्द हवेत. सल्लामसलत चांगली झाली, एवढंच. तुझं नाव असलं तर कोण तोंड उघडणार?"

"आणि पद?"

"एक कुठून तरी जाणारच. ग्रंथालयातलं घेतो. तू ओळखत नाहीस."

लाट आली. दोघांनी तोंडं मिटली.

३१ ऑक्टोबर

लिहून दिलं: 'वीस वर्षं मी लोकसहभागाचा अभ्यास करते आहे. इतकी मोकळी, इतकी प्रामाणिक सल्लामसलत माझ्या पाहण्यात नाही.' खाली सही, पदवीसकट.

ब्रॉनविनचं पद राहिलं. इमोजेनने गोलात टाळ्या वाजवल्या — "बघा, सामूहिक आवाजाची ताकद!" मीही वाजवल्या. ब्रॉनविनला काही सांगितलं नाही. लिलाँग्वेचं फिटलं.

ग्रंथालयातल्या माणसाचं नाव मी विचारलेलं नाही.