अकरा जर्सी, अठरा मुली

इंदापूर,
६ जुलै २०२५

ती. तात्यांना,
दिशाचा सविनय जयभीम. वि. वि.

मी खुशाल आहे. कारखान्याच्या टर्बाइननं तुमचे कान नेले, त्यामुळं फोनवर बोलायची सोय नाही. मोबाईलवर लिहावं, तर तुम्ही चष्मा शोधेपर्यंत शेजारच्या सुमितच्या बोटानं ते कुठंतरी सरकून जातं. म्हणून पुन्हा पत्र.

शाळेत क्रीडाशिक्षिका होऊन मला वर्ष होत आलं. मुलींचा फुटबॉल संघ माझ्याकडं आहे आणि त्यानंच माझी झोप उडवली आहे. पहिल्या हाफमध्ये आमच्यावर एकही गोल होत नाही. सामना संपायला दहा-बारा मिनिटं उरली की बचाव भिजलेल्या भिंतीसारखा ढासळतो. भिगवणच्या मुलींनी शेवटी शेवटी तीन गोल केले, बारामतीच्या मुलींनी चार. बचावात माझ्या चार मुली आहेत. मधली मुबशिरा, बसस्थानकाजवळ फळांचा गाडा लावणाऱ्या दस्तगीरभाईंची मुलगी. चेंडू कुठं पडणार हे तिला सगळ्यांच्या आधी कळतं. पण शेवटी तिला कळून उपयोग नसतो, पाय उचलत नाहीत.

तात्या, एक गोष्ट लिहायची लाज वाटते. संघात मुली अठरा आणि जर्सी अकरा. आमच्या संस्थेचे सचिव म्हणाले की खेळतात अकरा, तर जर्सी अठरा कशाला. त्यामुळं एखादी बदलायची झाली की बाकामागं दोघी ओढणी धरून उभ्या राहतात. बाहेर आलेली मुलगी घामानं चिंब झालेली जर्सी अंगातून सोलून काढते आणि आत जाणारी तीच अंगात चढवते. कुंपणावर बसलेली टोळकी शिट्ट्या मारतात. मला शिसारी येते. साहजिकच बाहेर यायला कुणी तयार नसतं आणि आत जायलाही नसतं. उरलेल्या सात जणी पाणी भरतात, चुन्याच्या रेघा मारतात, चपला सांभाळतात.

मी बचावातल्या चौघींचं पळणं दुप्पट केलं, तरी फरक नाही. तुम्हाला फुटबॉलमधलं काही कळत नाही हे मला माहीत आहे, पण सांगायला दुसरं कोण आहे? आईला गुडघ्याला तेल लावायची आठवण करा.

तुमचा लोभ आहेच, उत्तरही असू द्या.
तुमची,
दिशा

---

कोऱ्हाळे बुद्रुक,
१३ जुलै २०२५

चि. दिशा हीस,
जयभीम आन आशीर्वाद. वि. वि.

तुजं पत्र तुज्या आईला मोठ्यानं वाचून दाखवलं. जर्सीचं ऐकून ती म्हणाली, त्या सचिवाला येकदा दुसऱ्याची घामेजली बनियन घालून मंडपात बसवा, मग कळंल. मला बी लई घाण वाटलं. पोरींच्या अब्रूपेक्षा कापड म्हाग हाय व्हय?

आता फुटबॉल मला कळत न्हाय असं तू लिवलंस. लिवलं नसतं तरी मला ठावं हुतं. पदवी तू घेतलीस, पण खिळा ठोकून भिंतीवर मी टांगली, तवा दोन शब्द सांगायचा हक्क माजा बी हाय. चार पोरी दमत्यात म्हणून तू त्यास्नी आणिक पळवतीस. हे कंच्या पुस्तकात लिवलंय?

मी कारखान्यावर कायम व्हायच्या आदी चार सीझन बदली कामगार हुतो. कायमचा माणूस आला न्हाय तर त्याच्या जागी जायाचं, तवर गेटवर बसायचं. पहिलं दोन सीझन नुस्ता बसलो. मग येक दिस साखर शिजवायच्या पॅनवरचा माणूस तापानं पडला आन मला आत घेतलं. उकळत्या पाकात साखरंचा दाणा कवा धरतो ते मला कुणी कवा दावलंच नव्हतं. समदा पाक बिघडला. शिव्या मात्र मी खाल्ल्या.

तवा गेणू मिस्त्री म्हणून येक शहाणा माणूस हुता. त्यानं मला रोज पाळीच्या शेवटच्या तासाला शेजारी उभं करायला सुरवात केली. व्हॉल्व माज्या हातात, आन तो मागं हात बांधून. पुढच्या सीझनला तो आठ दिस घरी पडला, तर पॅनला कळलं सुदिक न्हाय.

तुज्या सात पोरी गेटवर बसल्यात. सामन्याच्या दिशी त्यास्नी आत ढकलून भागायचं न्हाय, रोज उभ्या करायला पायजेत. चारी जागा येकदम बदलू नको. येकीला काढ, येकीला घाल, शेजारी जुनी राहू दे. आन त्या मुबशिरालाबी कळू दे, की आपण घटकाभर बाहेर बसलो तर घर पडत न्हाय.

अठरा पोरींत तू नाव येकीचंच लिवलंस. पुढच्या पत्रात त्या सात जणींची नावं पायजेत.

पत्र धाडत जा, हितं वाट बघणारं दोघं हायती.
तुजा तात्या,
भानुदास

---

इंदापूर,
२४ ऑगस्ट २०२५

ती. तात्यांना,
सविनय जयभीम. वि. वि.

सातही नावं या पत्राच्या मागच्या बाजूला लिहिली आहेत. त्यातली निकिता पळसदेवची, तिचे वडील उजनीच्या पाण्यात मासेमारी करतात. आवाज इतका खणखणीत की पलीकडच्या काठावरची होडी वळावी.

तुमच्या मिस्त्रींची पद्धत आम्ही सुरू केली. दर सरावात बचावातली एक बाहेर, राखीवातली एक आत. भांडारातली जुनी खो-खोची बनियनं धुऊन त्यावर आकडे लिहिले आणि ओढणीचा तमाशा बंद केला. सुरुवातीला मुबशिरा बाहेर बसून नखं खात होती. मग दोघी एकत्र खेळताना निकिता मागून ओरडून तिला जागा सांगायला लागली, तशी तीच म्हणाली की मॅडम, आता मला मागं वळून बघावं लागत नाही. त्यानंतरच्या दोन सामन्यांत मिळून दुसऱ्या हाफमध्ये आमच्यावर फक्त एक गोल झाला. मी किती आनंदात होते म्हणून सांगू.

पण परवाचं लिहिताना तोंड कडू होतं. शाळेच्या मैदानावर स्पर्धा होती. आदल्या दिवशी सचिवांनी फर्मान काढलं की राखीव सात जणींनी नऊवारी नेसून, नथ घालून, ताटं घेऊन पाहुण्यांचं औक्षण करायचं. मी विरोध केला, तर म्हणाले की त्या बसूनच असतात, निदान शोभा तरी येईल. जर्सीला ज्यांच्याकडं कापड नव्हतं त्यांच्याकडं सात नऊवारी आल्या. पाहुणे सामना सुरू होण्याआधी येणार होते, ते आले दुसरा हाफ चालू झाल्यावर. तोवर सचिवांबरोबर सात जणी उन्हात फाटकावर उभ्या.

पहिल्या हाफच्या शेवटी मुबशिराच्या गुडघ्याला मार लागला होता, सूजही आली होती. ती पुन्हा आत गेली. पंधरा मिनिटं उरली असताना उडी मारून खाली आली आणि गुडघा पिळवटला. आम्ही दोन गोलनी हरलो.

त्याहून ओंगळ पुढं घडलं. तिला खुर्चीत बसवलं, पाय दुसऱ्या खुर्चीवर, आणि सचिवांनी तिच्या जिद्दीबद्दल शाल-श्रीफळ देऊन फोटो काढून घेतला. ती वेदनेनं थरथरत होती आणि फोटोवाला तिला हसायला सांगत होता. सगळे टाळ्या वाजवत होते. बारामतीच्या डॉक्टरांनी सांगितलं की गुडघ्याचा अस्थिबंध तुटला आहे, शस्त्रक्रिया करावी लागेल. या माणसांचा मला वीट आला आहे, तात्या. त्यांना मुली दिसतच नाहीत, ताटं दिसतात.

आईला काही सांगू नका. आशीर्वाद मात्र दोघांचेही हवेत.
तुमची,
दिशा

---

कोऱ्हाळे बुद्रुक,
३१ ऑगस्ट २०२५

चि. दिशा हीस,
जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. आईला सांगू नको म्हणालीस, पण माजं तोंड बघून तिनं पत्र हातातनं काढून घेतलं. दोघं बी जेवलो न्हाय. तुटल्या पायाच्या लेकराला शाल पांघरायची, ही कसली माणसं.

तरी तुजं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात सचिव हाय, पाव्हणं हायती, फोटोवाला हाय, टाळ्या वाजवणारं हायती. तू कुठं हाईस? पोरगी पुन्हा आत गेली असं लिवलंस. सुजल्या गुडघ्यानं पोरगी आपली आपण जात नसती. सचिव तर फाटकावर हुता. मग तिला आत कुणी धाडलं?

तू लहानपणी दुधाचं भांडं सांडलंस की म्हणायचीस, दूध सांडलं. मी सांडलं असं कवा म्हणली न्हाईस. आमी हसायचो, ते आमचं चुकलं.

उत्तर मला देऊ नको. आदी दस्तगीरभाईच्या दारात जा. तितनं आल्यावर लिव.

राग न्हाय. पण लपवाछपवी नको.
तात्या

---

इंदापूर,
१८ सप्टेंबर २०२५

ती. तात्यांना,
सविनय जयभीम. वि. वि.

तिला मी आत पाठवलं.

हाफच्या वेळी ती दोनदा म्हणाली की मॅडम, पाय टेकवत नाही. मी गुडघ्यावर गार फवारा मारला, पट्टी बांधली आणि दहाच मिनिटं काढ म्हणाले. एवढंच असतं तर बदली नव्हती म्हणून स्वतःची समजूत घातली असती. पण निकितानं फाटकावरून सगळं पाहिलं होतं. ताट दुसरीच्या हातात देऊन ती नऊवारीतच धावत आली, आतून खेळाची चड्डी घातली होती, बनियन पिशवीत तयार होतं. पाच मिनिटांत कपडे बदलून येते म्हणाली. सचिव फाटकावरून आमच्याकडंच बघत होते. महिनाअखेरीला माझा करार संपतो आणि नवा त्यांच्या सहीनं मिळतो. मी निकिताला परत फाटकावर पाठवलं. शाल घालताना टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते. ज्यांची मला किळस येत होती, त्यांच्याच रांगेत उभी राहून.

मी दस्तगीरभाईंकडं गेले. शस्त्रक्रिया होऊन मुबशिरा घरी आली होती. ते डाळिंबं निवडत होते. मी बोलायच्या आधीच त्यांनी माझे आभार मानले. पोरीनं त्यांना सांगितलं होतं, की मॅडम नको म्हणत होत्या, मीच हट्टानं गेले. सोळा वर्षांच्या मुलीनं मला पाठीशी घातलं होतं. तिच्यासमोरच मी त्यांना सांगितलं की ती खोटं बोलते आहे, आणि मग सगळं सांगितलं.

ते ओरडले नाहीत. हातातलं डाळिंब खाली ठेवून म्हणाले, की आम्ही शाळेच्या भरवशावर नाही, तुमच्या भरवशावर पोरगी पाठवली होती. गुडघा बरा झाला तरी ती आता मैदानावर येणार नाही. मुबशिरानं भिंतीकडं तोंड फिरवलं. तिला पायाचं जेवढं दुःख झालं नव्हतं, तेवढं माझ्या खरं बोलण्याचं झालं. खरं बोलल्यावर मन हलकं होतं असं मी समजत होते. तसं काही झालं नाही.

शाळेनं अपघाताच्या नोंदीत मुलगी घरी जिन्यावरून पडली असं लिहायला सांगितलं. मी घडलं तसं लिहिलं, माझं नाव पहिलं आणि सचिवांचं दुसरं. नवा करार मिळणार नाही हे शिपायाच्या तोंडून कळलं आहे. महिनाअखेरीपर्यंत संघ माझ्याकडं आहे. आता मधल्या जागेवर निकिता खेळते आणि दर सामन्यात राखीवातल्या चौघी तरी आत जातात. बचाव टिकतो. निकिता माझ्याशी मैदानाबाहेर बोलत नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मुबशिराला गुडघ्याच्या व्यायामासाठी बारामतीला न्यावं लागतं. दस्तगीरभाईंना गाडा सोडता येत नाही, म्हणून मी नेऊ का असं विचारलं. त्यांनी मान हलवून होकार दिला, पण मला घरात बोलावलं नाही. मी दारातूनच तिला घेऊन एसटीनं नेते. ती खिडकीशी बसते, कुबड्या आमच्या मध्ये ठेवते आणि बोलत नाही. परवा भवानीनगर मागं पडल्यावर तिनं बाहेर बघत बघतच विचारलं की मध्ये कोण खेळतं. मी निकिता म्हणाले. तिनं सांगितलं की निकिता चेंडूमागं फार पुढं जाते, मागची जागा मोकळी राहते, तिला आवरा. 

लोभ असावा असं या वेळी लिहवत नाही. असला, तर पत्र पाठवा.

दिशा