मनगट धरून श्वास मोजतात

प्रिय ताई,

ह्यांच्या हाती कागद देतेय. माझं लिहिणं तुला माहीतच आहे, त्यात डाव्या हाताला सलाईन, कागद सारखा सरकतोय. फोन का केला नाही ते पुढे सांगते.

बटाट्या बरा आहे. तू बाळाला ठेवलेलं नाव इथं दवाखान्यापर्यंत आलं, झाडूवाल्या मावशीसुद्धा विचारतात, बटाटा जेवला का म्हणून. सासूबाई त्याला घेऊन बाहेर बाकावर बसतात. भुकेला झाला की आत आणतात, मी कुशीवर होऊन पाजते. उपाशी राहून पित्त केलंस, असं सासूबाईंचं चालूच आहे. पण हे पित्ताचं दुखणं नाही गं. पोटाच्या खळगीत सुरू झालं ते पाठीतून आरपार गेलं. ओणवी झाले की जरा बरं वाटतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, पित्ताच्या पिशवीत खडे झालेत, बाळंतपणानंतर होतात कधी कधी. एक खडा सरकून अडकला आणि आतली ग्रंथी सुजली. जेवण पचवायचा तिचा रस आता तिलाच खातोय. बरी होईन ना, विचारलं. त्या वयानं माझ्याएवढ्याच, पण थापा मारल्या नाहीत. बहुतेक लोक बरे होतात म्हणाल्या, पण सुरुवातीला सगळे सारखेच दिसतात. काहींचं मागाहून बिघडतं. श्वास चढतो, लघवी कमी होते, माणूस भलतंसलतं बोलतो. म्हणून परत परत बघायचं, आणि तसं काही दिसलं की वर न्यायचं. वर म्हणजे आयसीयू, काचेची खोली. तिथं तान्ह्याला सोडत नाहीत, हे मी आधीच विचारून ठेवलं होतं.

आपली आईसुद्धा अशीच ओणवी बसायची, आठवतं ना. सुई टोचली, दुखायचं थांबलं, चालत घरी आली. आता बरंय म्हणाली आणि धुणं भिजवलं. दुसऱ्या दिवशी तुला मावशीच्या नावानं हाका मारत होती, आणि आपण दोघी हसत होतो. पोटात दुखून गेली, एवढंच आपण लोकांना सांगत आलो. घरात कुणाला असं झालं होतं का, डॉक्टरबाईंनी विचारलं. मी नाही म्हटलं.

इथं सिस्टर येऊन माझं मनगट धरतात. नाडी तर मशीनवर दिसते, मग मनगट कशाला, म्हणून मी त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. डोळे माझ्या छातीवर. श्वास मोजतात गं. मोजतायत हे कळलं तर माणसाचा श्वास बदलतो, म्हणून नाडीचं सोंग. मला कळलं तसा मी श्वास आवरायला लागले. सिस्टर दिसल्या की हळू घ्यायचा, हळू सोडायचा, तोंड सरळ ठेवायचं. किती दुखतंय, तर थोडंसं. त्या गेल्या की चादर तोंडाशी धरून धापा टाकते. फोनवर तू दोन शब्दांत ओळखलं असतंस.

आणखी एक आहे. सकाळपासून आई इथं आहे. खाटेशेजारच्या स्टुलावर, हात साबणानं माखलेले. ती नाही हे मला कळतं, पण डोळे मिटून उघडले तरी असतेच. डॉक्टरबाई विचारतात, कुठे आहात, आज वार कोणता. मी बरोबर सांगते. स्टुलावर कोण बसलंय ते त्या विचारत नाहीत. एकदा त्या तिथंच टेकायला गेल्या, तर जरा सरकून बसा, असं माझ्या ओठावर आलं होतं. आई मला मानेनंच नाही म्हणते. सांगू नकोस, बरंय म्हण आणि घरी चल, पोर वाट बघतंय.

मघाशी डॉक्टरबाई मशीनसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "तुमची नाडी पळतेय आणि श्वास मात्र निवांत. हे जुळत नाही. माझ्यापासून काही लपवताय का?" मी परत नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा रक्त काढायला सांगितलं. मग सासूबाईंनी बटाट्याला आणलं. पिता पिता थांबून तो माझ्याकडे बघायला लागला. मी त्याला हाक मारली, तर ताई, तोंडातून तुझं नाव आलं. सासूबाई हसल्या.

तेव्हा मी घाबरले. म्हणून लिहितेय. श्वासाचं आणि आईचं, दोन्ही मी आता सिस्टरना सांगणार आहे. ह्यांच्यासमोर सांगितलं तर हे इथून हलायचे नाहीत आणि तुला आणायला कुणी उरणार नाही. तू असशील तशी निघ. तुझी छकुली अजून अंगावर पिते, तिच्याबरोबर बटाट्यालाही घे. त्याला आधी डाव्या बाजूला घे, उजवीकडे रडतो. झोप आली की तो तुझा कान धरेल, सोडवू नकोस. वर मला बघायला यायची घाई करू नकोस, पहिलं त्याचं पोट भर. आईला राग येईल, येऊ दे. हे दारात उभे आहेत, आटप म्हणतायत. त्यांच्या मागून सिस्टर येतायत. या वेळी श्वास जसा येईल तसा येऊ देणार आहे.

तुझीच,
धाकटी