खारकुरणातली चिमणी

३ जुलै, सकाळी १०
सापडली. खारट कुरणाच्या ओल्या कोपऱ्यात. बोटभर उंच, पाच गुलाबी पाकळ्या. लॅटिन नाव जिभेला गाठ मारणारं, म्हणून मी चिमणी म्हणते. ही दुर्मीळ चिमणी इथे आहे असं सिद्ध झालं, तर कुरणावर गोदाम होणार नाही.
बहुतेक तीच आहे. पण मी दहा वर्षांची होईपर्यंत बाबांनी घरीच शिकवलं: खात्री नसेल तर पाटीवर लिहायचं नाही. ऑफिसात बोलले नाही.

४ जुलै, दुपारी ४
फोटो काढायला गेले. फुलं मिटलेली. मिटलेल्या फुलाचा फोटो म्हणजे अर्धसत्य. काढला नाही. आई म्हणाली, दाखवायच्या वेळी तोंड मिटते म्हणजे तुझीच बहीण.

१५ जुलै
ऊन. सतरा झाडं, सगळी फुललेली. नियम: वीसमागे एकच नमुना तोडायचा. सतरामागे ०.८५ झाड येतं. तोडलं नाही. फोटोत माझी सावली आली, डिलीट केला. ऑफिसातल्या मॅडमनी प्रगती विचारली. समाधानकारक, म्हटलं.

२ ऑगस्ट
सर्दी. घाई नाहीच. पुस्तकात स्पष्ट दिलंय, ‘वार्षिक’. बाबा म्हणाले, वार्षिक परीक्षा कशी, दरवर्षी न चुकता. मग जाते कुठे? गोदामाला परवानगी द्यायची की नाही ते ठरवणारी समिती सप्टेंबरात पाहायला येणार. तोवर झाडं चांगली भरतील.

२५ सप्टेंबर
कपड्यांना इस्त्री. समितीपुढचं भाषण पाठ.

२६ सप्टेंबर
कोपऱ्यात तपकिरी काड्या. समितीचे साहेब कुठंय, कुठंय म्हणत त्यांवरूनच चालले.
मॅडमनी मला बाजूला घेतलं. “अगं, वार्षिक म्हणजे दरवर्षी भेटणारी नव्हे. एकाच वर्षात उगवून मरणारी. जुलैत का नाही बोललीस?”
खात्री नव्हती, म्हटलं.
“आणि आता?”
आता शंभर टक्के आहे.
साहेबांनी फॉर्म पुढे केला. सदर वनस्पती आजच्या तारखेस जिवंत आढळली काय? मॅडम माझ्या पेनाकडे बघत होत्या. खोटं कसं लिहिणार? ‘नाही’ लिहिलं. खाली सही, तारीख, वेळसुद्धा.
साहेब म्हणाले, इतकी प्रामाणिक माणसं हल्ली मिळत नाहीत. मग गोदामाच्या मापासाठी गाडीतून टेप मागवली. दुसरं टोक धरायला कुणी नव्हतं. मॅडम केव्हाच निघून गेल्या होत्या.
मी धरलं. ढिली टेप चुकीचं माप देते, म्हणून नीट ताणून धरलं.