जयची दाढी आणि माझं मार्गदर्शन

२ मार्च २००७
आजपासून जयच्या करिअरची सूत्रं माझ्या हाती. त्याला अजून सांगितलेलं नाही. नातू आइस हॉकी खेळतो, इथेच जर्मनीत, न्युरेम्बर्गजवळच्या एका छोट्या क्लबात, पगारी. पण डिफेन्समध्ये! वय एकतीस. प्लेऑफमध्ये चमकला तरच नवं काँट्रॅक्ट. शाळेत आम्ही घशाच्या शिरा ताणून वीररसाच्या कविता म्हणायचो. त्यात कुणी मागे उभं राहून गोल अडवत नसे.

९ मार्च
जय आला. दाढीचं जंगल. विचारलं, कुणाचं सुतक रे? त्याची आई, म्हणजे आमची नीना, म्हणाली, अहो अप्पा, प्लेऑफ संपेपर्यंत अख्खी टीम दाढी करत नाही, शकुन असतो. आमच्यात माणूस गेल्यावर वाढवतात, म्हटलं. जय जर्मनमध्ये काहीतरी बोलला. सहमत असावा.

११ मार्च
पहिली मॅच हरले. मी म्हटलंच होतं.

१३ मार्च, सकाळी
जय दाढी करेपर्यंत अन्नत्याग. चहा-बिस्किटं अन्नात येत नाहीत.

संध्याकाळी
केळंही येत नाही. नीनानं घाबरून जयला फोन केला. आला, तडक बाथरूममध्ये गेला, गुळगुळीत होऊन बाहेर. म्हणाला, आजोबा, जेवा आता. मराठीत! डोळे भरून आले. पिठलं-भात दोनदा घेतला.

१६ मार्च
सगळ्या दाढीवाल्यांत एकटा जय चकचकीत. कोचच्या नजरेत भरलाच असणार. बाकीचे त्याच्याशी बोलेनात, गोलकीपरनं तर पाठ फिरवली. मत्सर. शेवटच्या मिनिटाला पक, म्हणजे ती रबरी चकती, जयच्या स्केटला लागून आपल्याच जाळ्यात. हरलो, प्लेऑफमधून बाहेर. तरी हिशेबानं गोल जयचाच.

२० मार्च
काँट्रॅक्ट नाही. कोच म्हणे, जय स्लो झालाय. दाढीचा उल्लेखही नाही, म्हणजे मी निर्दोष. मग नीना माझ्याकडे न बघता पोळी का वाढते?

२८ मार्च
उत्तरेला, पार समुद्राजवळ, खालच्या लीगमधला क्लब मिळाला. एक वर्ष. तिथे पोराला कोण आहे? ठरवलं, सोबत जायचं. बॅग भरून त्याच्या गाडीच्या डिकीत ठेवली. जयनं ती हळूच काढून दारात आणून ठेवली. वाकून नमस्कार केला. म्हणाला, तुम्ही इथेच राहा हं, आजोबा.

मागे सामान खच्चून भरलं होतं. पुढची सीट रिकामी होती.