सातवं प्रकरण

१८ जानेवारी २०२६, रविवार. सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं.
वेळ मुद्दाम लिहून ठेवते. रहाटणीच्या विहारात, माझ्या नवऱ्याच्या, भीमराजच्या पहिल्या स्मृतिदिनाला, त्याचंच पुस्तक माझ्या हातात ठेवलं — पाहुण्यांना देतात तसं! नवी आवृत्ती. चाकणच्या कारखान्यातली सगळी हयात त्याने त्यात लिहिली होती. आत छापलंय, 'सर्व हक्क : धम्मरत्न'. पुतण्या! गेलेल्या दिरांचा एकुलता. मला विचारलंसुद्धा नाही.
"धम्मदान आहे काकी, फुकट वाटतोय. धंदा थोडाच करतोय?"
चोरलेलं फुकट वाटलं की दान होतं? कॉन्व्हेंटात शेजारणीच्या वहीत डोकावलं तरी सिस्टर बोटांवर पट्टी मारायच्या.

१९ जानेवारी
आज नीट चाळलं. सातवं प्रकरणच नाही!
सातवं म्हणजे मोनिका. आमची मुलगी. धड बाळसं धरायच्या आत गेली. फोटो नाही. टोपडी-झबली सासूबाईंनी तेव्हाच देऊन टाकली. जगात ती उरली होती त्या चार पानांत.
फोन लावला. "पानं वाढत होती, काकी. आणि कार्यक्रमात दुःखाचं कशाला?"
स्मृतिदिनाला दुःख नको! मग बँजोच लावायचा होतास.

२० जानेवारी
कुणाचा फोन नाही. कुकर तेवढा बोलला.

२२ जानेवारी
खालच्या मजल्यावरची मिनल वकील आहे. म्हणाली, "लेखक गेल्यावर साठ वर्षं हक्क वारसांचा. मृत्युपत्र नाही, मूल नाही, सासूबाईही नाहीत — म्हणजे सगळा तुमचाच, ताई. नोटीस ठोकू?"
"ठोक!"
मग जरा चाचरत, "पण तुम्हीही मृत्युपत्र केलं नाहीत, तर तुमच्यानंतर तो सासरच्यांकडे. धम्मरत्नकडेच जाईल."
म्हणजे माझ्यामागे मोनिका कुणाच्या हाती? त्याच्याच!
दुपारी जेवले नाही.

२३ जानेवारी
मिनलला थांबवलं. नोटीस मीच लिहून पाठवली :
'धम्मरत्न, हक्क माझा आहे. माझ्यानंतर तो तुला मिळेल, तसं मृत्युपत्र करीन. सोबत जुनी प्रत आहे. सातवं प्रकरण स्वतःच्या हाताने उतरवून काढ. तेच तुझं लेखी उत्तर. मुदत — रविवार, १ फेब्रुवारी, दुपारी बारा. पोस्टाने चालणार नाही. घरी येऊन मोठ्याने वाचून दाखवायचं. वर्षभर या घरात तिचं नाव कुणी घेतलेलं नाही.'